विद्यापीठातलं संशोधन आपल्या सरकारी शाळेच्या कामाला कसं लावायचं

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या शाळेत एक संशोधक आले होते, हातात फॉर्मांचा गठ्ठा. साठेक प्रश्न, सगळे इंग्रजीत, एक ते पाच मध्ये आकडा टाका अशा पद्धतीचे. मी दोन वर्ग एकत्र बसवून फॉर्म भरून दिले, मुलांच्या मार्कांचं रजिस्टर दाखवलं, सही-शिक्का दिला आणि ते गेले. त्यातून काय निघालं ते आजपर्यंत शाळेला कळलेलं नाही. त्यांचं काम पूर्ण झालं असेल तर चांगलंच आहे, पण ज्या मुलांचे मार्क उतरून नेले ती मुलं आता हायस्कूलात गेली आणि त्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही, हे मला अजून लागतं.

पण नंतर विचार करताना लक्षात आलं की आम्ही तरी काय मागितलं होतं? काहीच नाही. त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं, संपलं. प्रश्न त्यांचा होता म्हणून उत्तरही त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हापासून मी उलटं करायला लागले, म्हणजे प्रश्न शाळेचा, आणि तो घेऊन आपण कॉलेजच्या, विद्यापीठाच्या दारात जायचं. ह्यात काय जमतं, काय जमत नाही, कुठे जपून राहायचं ते सगळं इथे लिहिते. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते, मराठी माध्यम, चार वर्ग आणि दोन टीचर, त्यामुळे माझी उदाहरणं तिथलीच असणार, पण हायस्कूलच्या शिक्षकांना आणि पालक-शिक्षक संघातल्या पालकांनाही ह्यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी प्रश्न नीट धरा

"आमच्या मुलांना वाचता येत नाही" हे गाऱ्हाणं झालं, प्रश्न नाही झाला. असं सांगत कुणाकडे गेलात तर समोरचा मान हलवेल, चहा देईल आणि तुम्ही परत याल. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मिळालं तर सोमवारी वर्गात तुम्ही काहीतरी वेगळं कराल.

माझ्या तिसरीत एक मुलगी होती, वाचन एकदम खणखणीत. धड्यातलं "विहिरीत वाकून पाहिले" हे वाक्य तिने न अडखळता वाचलं. मी सहज विचारलं, विहीर म्हणजे काय गं? ती गप्प. पुस्तकाकडे बघते, माझ्याकडे बघते. मग मी तिला खिडकीपाशी नेलं, शाळेच्या गडग्यापलीकडे शेजाऱ्यांची विहीर आहे, कठडा, रहाट, दोरी सगळं दिसतं, तिकडे बोट दाखवलं तशी ती म्हणाली, "टीचर, ही बांय न्हय?" घरी बांय, पुस्तकात विहीर, आणि ह्या दोन शब्दांची गाठ तिला कुणी घालून दिली नव्हती. ज्या खिडकीतून ती बघत होती तिलाही ती घरी जनेलच म्हणते. आणि तोपर्यंत मी तिच्या नावापुढे वाचन चांगलं, असं लिहीत आले होते.

त्याच वर्गात बागायतीत कामाला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा होता, घरी कन्नड, त्याला अजून ट आणि ठ मधला फरक लागत नव्हता. आणि तिसरा एक, ज्याला अक्षरं सगळी येत होती पण शब्द जुळवताना पहिलं अक्षर विसरायचा. गाऱ्हाणं तिघांचं एकच, वाचता येत नाही, पण दुखणी तीन, आणि मी तिघांनाही तोच धडा पाच-पाच वेळा लिहायला देत होते.

त्यामुळे पहिलं काम हेच की प्रत्येक मुलाला एकट्याने जवळ बसवून पाच मिनिटं ऐकायचं. ह्याला कुठल्या मोठ्या परीक्षेची गरज नाही. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणारी 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, तिचं वाचनाचं साधन अगदी एका पानाचं आहे, त्यात अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, मराठीतही आहे आणि नेटवर फुकट मिळतं. मूल कुठे थांबतं तेवढं लिहायचं. मी त्याला एक रकाना स्वतःचा जोडलाय, अर्थ कळला का, आणि त्या रकान्यात मूल कोकणीतून सांगू दे, कन्नडमधून सांगू दे, हाताने दाखवू दे, कळलं असेल तर खूण करायची. एका दुपारी पाच-सहा मुलं होतात, आठवड्याभरात शाळा संपते. हा एक कागद हातात असला की तुमचं गाऱ्हाणं प्रश्न बनतं. माझा प्रश्न शेवटी असा झाला: घरी कोकणी बोलणाऱ्या माझ्या तिसरीच्या मुलांना धडा वाचायच्या आधी त्यातले दहा अनोळखी मराठी शब्द त्यांच्या कोकणी शब्दांशी जोडून दिले तर धड्याचा अर्थ जास्त कळतो का? एवढाच. लहान आहे, पण माझा आहे.

हायस्कूलवाल्यांचा प्रश्न वेगळा असेल, म्हणजे नववीत मुलं का अडखळतात, बीजगणितात नेमकी कुठली पायरी सुटते, काजूच्या हंगामात गैरहजेरी वाढते त्याचा वार्षिक परीक्षेवर परिणाम होतो का. तोही असाच बारीक करत आणायचा.

मग बघा की आधीच काय कळलेलं आहे

आपला प्रश्न जगात कुणीच विचारला नसेल असं क्वचितच होतं. शोधगंगा म्हणून वेबसाइट आहे, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतले पण आहेत. मोबाईलवर उघडतं, फक्त पीडीएफ जड असतात, वाय-फाय बघून डाउनलोड करा. सुरुवातीपासून वाचू नका, कारण पहिली दोन प्रकरणं बहुतेक इतरांनी काय म्हटलं ह्यातच जातात. आधी शेवटचं प्रकरण वाचा, निष्कर्ष आणि शिफारशी, पटलं तर मागे जाऊन बघा की हे त्यांनी कसं काढलं.

आणि मागे जाऊन बघायचंच, ते सोडू नका. मी चार गोष्टी बघते. किती मुलं होती आणि ती आपल्यासारखी होती का, की शहरातल्या एका चांगल्या शाळेतली साठ मुलं घेऊन राज्याबद्दल बोललंय. किती दिवस चाललं, कारण पंधरा दिवसांत कुठल्याही नव्या गोष्टीने वर्ग उत्साहात येतो, तो उत्साह दिवाळीपर्यंत टिकला का ते महत्त्वाचं. तुलना कुणाशी केली, कारण मुलं जूनपेक्षा मार्चमध्ये जास्त वाचणारच, तुम्ही काही नाही केलं तरी. आणि शिकवलं कोणी, वर्गातल्या नेहमीच्या शिक्षकाने की बाहेरून आलेल्या माणसाने. ह्या शेवटच्या मुद्द्यावर आपण फसतो, म्हणून त्याबद्दल जरा लांब लिहिते.

मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम'ने बालसखी नावाचा उपक्रम चालवला होता, वस्तीतलीच एक तरुण मुलगी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची आणि जिथे मूल अडलंय तिथून शिकवायची. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याची चिठ्ठ्या टाकल्यासारखी शाळा निवडून तपासणी केली, काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि त्याच इयत्तेच्या बालसखी मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना केली. मुलं खरंच पुढे गेली, मागे पडलेली जास्त. तो लेख २००७ मध्ये आला, पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींची आई निर्मला ह्या मूळच्या मराठी, पाटणकर, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण खरी उपयोगाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. हीच पद्धत, म्हणजे इयत्तेप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे गट करून शिकवायची, सरकारी शिक्षकांकडून करून घ्यायची म्हटल्यावर बिहार आणि उत्तराखंडात नुसतं ट्रेनिंग दिलं, साहित्य दिलं, तर नियमित शाळेच्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. शिक्षक वाईट नव्हते, ट्रेनिंग करून परत आल्यावर अभ्यासक्रम पुरा करायचा होता, गट करायला वेळच नव्हता. मग हरियाणात वेळापत्रकात रोजचा एक तास फक्त ह्यासाठी बांधून दिला, मुलांचे पातळीचे गट केले, आणि वरचे अधिकारी येऊन तो तास होतोय का हे बघायला आणि मदत करायला लागले, तेव्हा मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. म्हणजे पद्धत तीच, शिक्षक सरकारीच, फरक पडला तो राखून ठेवलेल्या तासाचा आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाचा. तुम्हाला कुणी म्हणालं की एक वर्कशॉप करूया आणि शाळा सुधारूया, तर हे नक्की सांगा. आमच्याकडे चार वर्ग दोन टीचरांत असल्याने गट करणं उलट सोपं पडतं, मी सकाळचा पहिला तास त्याला दिलाय, कारण दुपारी जेवणाची पाव-भाजी आली की पुढचा अर्धा तास कुणाचाच नसतो.

अजून एकदोन गोष्टी ज्या संशोधनातून येऊन माझ्या वर्गात टिकल्या. इस्रायलमधल्या रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मुलांच्या कामावर नुसते शेरे दिले तर मुलं पुढच्या वेळी सुधारतात, पण शेऱ्याच्या शेजारी मार्क टाकले की मुलं मार्कच बघतात आणि शेऱ्याचा फायदा जातो. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये असे कितीतरी अभ्यास एकत्र करून हीच दिशा सांगितली. तेव्हापासून मी रोजच्या वह्यांत मार्क टाकत नाही, एक ओळ लिहिते, आणि ती ओळ अशी की मुलाला उद्या काय करायचं ते कळेल, "छान" किंवा "प्रयत्न कर" असं नाही तर "दुसऱ्या गणितात हातचा घ्यायचा राहिला, तो घेऊन परत कर". दुसरं, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिके यांचं २००६ चं काम, की एखादा उतारा परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. त्यांचे विद्यार्थी कॉलेजातले होते, माझे आठ वर्षांचे, म्हणून जसंच्या तसं नाही घेतलं, पण दर सोमवारी गेल्या आठवड्याचं पाच प्रश्न तोंडी, पुस्तक मिटून, एवढं करते.

हायस्कूलसाठी शिकागोचं उदाहरण बघा. तिथे शिकागो विद्यापीठात १९९० पासून एक संशोधन गट शहरातल्या सरकारी शाळांबरोबरच काम करतो, प्रबंध लिहून निघून जात नाही. त्यांनी शोधून काढलं की मूल पुढे शाळा पूर्ण करेल का हे नववीतच बऱ्यापैकी कळतं, ठरलेले विषय पुरे केले आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सत्रात नापास झालं नाही, तर ते मूल वेळेत शाळा पूर्ण करण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त. मग शाळांनी त्या एका गोष्टीवर लक्ष ठेवलं, कोण घसरतंय ते वर्ष संपायच्या आधी बघायला लागल्या. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, सत्रं वेगळी, पण असा एक आकडा शोधून द्या जो आम्हाला सप्टेंबरात दिसेल आणि ज्यावर आम्हाला काही करता येईल, हे कुठल्याही संशोधकाकडे मागायला काय हरकत आहे?

कुणाच्या दारात जायचं

गोव्यात अंतरं लहान आहेत, हा आपला मोठा फायदा. आमच्या तालुक्यातल्या वाळपईहून कदंबची बस पकडली की दोन तासांत पणजी. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं, ताळगाव पठारावर आहे, तिथे शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य विद्याशाळेत मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत, आणि आमच्यासारख्या शाळांचे निम्मे प्रश्न भाषेचेच असतात. पण प्राथमिक शाळेसाठी मला सगळ्यात जवळचं दार वाटतं ते बी.एड. कॉलेजांचं. पणजीला आल्तिनोवर निर्मला इन्स्टिट्यूट, फोंड्याला डॉ. दादा वैद्य कॉलेज, पेडण्यात हरमलला गणपत पार्सेकर कॉलेज. पर्वरीला एससीईआरटी आणि डाएट, ह्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या सरकारी संस्था.

बी.एड. का म्हणते, तर २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. त्यांना कृतिसंशोधनही करायचं असतं, म्हणजे वर्गातला एक लहान प्रश्न घेऊन त्यावर उपाय करून बघणं. विद्यार्थ्याला विषय सुचत नाही म्हणून मग जुन्याच फायलीतला विषय घेतला जातो, आणि इकडे आपल्याकडे प्रश्नांची रास पडलेली असते. ही दोन टोकं कुणीतरी जोडायची आहेत. अडचण एवढीच की हे विद्यार्थी बहुतेक हायस्कूलांत पाठवले जातात, प्राथमिकमध्ये कमी, म्हणून आधी जाऊन प्राध्यापकांशी बोलावं लागतं. फोनवर नका बोलू, जा. आणि जाताना तो वाचनाचा कागद घेऊन जा, मुलांची नावं झाकून.

पत्र साधं लिहा. माझं असं होतं:

"माननीय प्राचार्य, आमच्या शाळेत तिसरी-चौथीची चौदा मुलं आहेत. त्यातली बरीच घरी कोकणी बोलतात, तीन कन्नड. मुलं मराठी धडा वाचतात पण अर्थ सांगता येत नाही, सोबत पाहणीचा कागद जोडला आहे. धड्याआधी शब्द कोकणीशी जोडून दिल्याने फरक पडतो का हे आम्हाला तपासायचं आहे. आपल्या एका विद्यार्थ्याने दोन महिने, आठवड्यातून दोन दिवस मदत केली तर आम्ही वर्ग, वेळ आणि आमची निरीक्षणं देऊ. जे निष्पन्न होईल ते चतुर्थीच्या सुट्टीनंतर शाळेत येऊन पालकांना मराठी-कोकणीतून सांगावं, एवढी विनंती आहे."

शेवटची ओळ कधीच गाळू नका, मी पहिल्या वेळी गाळली होती. आणि पत्राची एक प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, परवानगी रीतसर घ्या, नाहीतर मध्येच काम थांबतं आणि बिचारा विद्यार्थी लटकतो. तोंडी "हो हो, करा" वर विसंबू नका.

होशंगाबादचं नाव ऐकलं असेल. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली, दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यात येऊन सहावी ते आठवीच्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून काम करायचे. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती दर महिन्याची बैठक, जिथे शिक्षक सांगायचे की हा प्रयोग वर्गात बसला नाही, हे साहित्य मिळत नाही, हा प्रश्न मुलांना कळला नाही, आणि त्यावरून पुस्तक बदलायचं. शिक्षकाने म्हटलं म्हणून पुस्तक बदलायचं! तीस वर्षं चाललं, २००२ मध्ये सरकारने बंद केलं. आपल्याला महिन्याची बैठक जमणार नाही असं नाही, एका केंद्रातल्या चार शाळा आणि एक प्राध्यापक, शनिवारी दोन तास.

अटी आधीच बोलून घ्या

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. पालकांची संमती लेखी, आणि ती समजावून, कोऱ्या कागदावर अंगठा नाही. २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि पालकांच्या संमतीचा मुद्दा स्पष्ट आहे. शाळेबाहेर जाणाऱ्या कागदावर मुलाचं नाव नको, नंबर हवा, नाव आणि नंबरची यादी शाळेच्या कपाटात. मुलांचे वाचतानाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवायचे नाहीत, अडखळणाऱ्या मुलाचा तर अजिबात नाही, गाव लहान असतं आणि ते मूल पुढची दहा वर्षं तिथेच वाढणार असतं.

वेळेचं पण बोला. गणेश चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस, शिगम्याचे दिवस, काजूचा हंगाम, परीक्षेचा आठवडा, ह्या काळात घेतलेली कुठलीही चाचणी खरी नसते, मुलं असतात कुठे वर्गात? पणजीत बसून वेळापत्रक करणाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही, आपण सांगायचं. आणि शिक्षकाचं काम वाढत असेल तर कुठलं कमी होणार हेही विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरची कामं देता येत नाहीत. संशोधन हे शिक्षणाचंच काम आहे हे खरं, पण त्याची फॉर्मभरती शिक्षकाच्या संध्याकाळवर पडता कामा नये.

अजून एक अट, शाळाशाळांची क्रमवारी लावायची नाही आणि निकाल शिक्षकाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. हे आधी स्पष्ट नसेल तर कोण खरं सांगेल? चांगली पाच मुलं पुढे बसवली जातात, आणि मग सगळंच वाया.

करून बघताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. शब्द जोडायचं पण सुरू केलं, नवीन चित्रं पण आणली, गट पण बदलले, तर शेवटी कशाने झालं ते कळत नाही. मुलांचे दोन भाग करा, एकाला आता, दुसऱ्याला महिन्याने, म्हणजे कुणी वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते. भाग करताना चिठ्ठ्या टाका, हुशार एकीकडे असं नको. आधी आणि नंतर मोजायचं साधन तेच, पण धडा वेगळा, नाहीतर मुलं पाठ म्हणतात. आणि ऐकणारा माणूस शक्यतो बाहेरचा, कारण आपल्या मुलाने बरोबर सांगावं असं आपल्याला इतकं वाटत असतं की आपण नकळत ओठ हलवतो.

आमच्याकडे आलेली बी.एड.ची मुलगी स्वतः डिचोलीची, कोकणी घरातली. पहिल्याच दिवशी ती फळ्यावर विहीर लिहून मुलांना म्हणाली, तुमी कितें म्हणटात? आणि वर्ग एकदम बोलायला लागला. जी भुरगी महिनोन्महिने तोंड उघडत नव्हती ती सांगायला लागली. कन्नड घरातल्या मुलाने बावी सांगितलं, आणि सगळ्यांना बांय-बावी हे इतके जवळचे शब्द आहेत ह्याचं नवल वाटलं. आमचे दोन महिने संपले तेव्हा कोकणी बोलणाऱ्या मुलांना धड्याचे अर्थ जास्त सांगता येत होते हे आम्हाला दोघींनाही दिसलं, पण अक्षरांशी अडलेल्या मुलांना त्याचा काही उपयोग झाला नाही, त्यांचं दुखणं वेगळं होतं. हे दुसरं पण लिहायचं, तितक्याच मोठ्या अक्षरात. चौदा मुलांवरून गोव्याबद्दल काही म्हणता येत नाही, पण माझ्या वर्गात कुणाला काय द्यायचं ते ठरवता येतं, आणि चार शाळांनी तेच केलं तर प्राध्यापकांना पुढे मोठा अभ्यास उभा करता येतो.

रोजचं बोलता येणं आणि अभ्यासाची भाषा कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलंय, आणि घरची भाषा ही अडथळा नसून शिडी आहे हे त्यांच्या कामातून पुढे आलं. आपल्याकडे माध्यमाचा विषय निघाला की आवाज चढतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या, त्यात माझी आई शिकली, मी शिकले, मला मराठी शाळेबद्दल मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच म्हणते की वर्गात कोकणीला दारं उघडल्याने मराठी कमी होत नाही, मूल मराठीत लवकर येतं.

निकाल परत आणा

चतुर्थीनंतरच्या एका शनिवारी ती मुलगी आणि तिच्या प्राध्यापिका शाळेत आल्या, व्हरांड्यात पालक बसले. स्लाइड नाहीत, दोन पानं मराठीत, मोठा टाइप. एका आईने विचारलं, म्हणजे आम्ही घरी कोकणीतून गोष्ट सांगितली तर चालेल? तिला वर्षभर वाटत होतं की कोकणीमुळेच मूल मागे आहे. तिच्या त्या एका प्रश्नासाठी बैठक घ्यायलाच हवी होती.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात असं कायदा सांगतो, आणि कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. जे कळलं ते त्या आराखड्यात घाला, सकाळचा तास, शब्दांचे तक्ते, कन्नडसाठी एक स्वयंसेवक, असं नेमकं. आराखड्यात लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी समिती विचारते, झालं का म्हणून.

आणि आपली बदली होते, हे धरून चाला. मी एक दोनशे पानी वही केलीये, पहिल्या पानावर प्रश्न, मग पाहणीचे कागद चिकटवलेले, काय केलं, काय फसलं, त्या दोन पानांची प्रत, प्राध्यापिकेच्या कॉलेजचं नाव, आणि मागच्या बाजूने शब्दांची यादी जी मुलांनीच भरलीये: विहीर बांय बावी, खिडकी जनेल, कुत्रा सुणें, पाणी उदक. ती वही हजेरीपटाच्या कपाटात वरच्या खणात असते. ह्या जूनमध्ये यादी एकशे बाराव्या शब्दावर आहे, पुढचा शब्द कोण आणणार ह्यावरून चौथीच्या मुलांत रोज भांडण असतं.